आकारमान-विसंगती, ॲनिमेशनपटांतील व व्हिडिओ खेळांतील

आकारमान-विसंगती, ॲनिमेशनपटांतील व व्हिडिओ खेळांतील : एकाच कलाकृतीत एखाद्या पात्राचे आकारमान दृश्यागणिक बदलणे किंवा दोन पात्रांमधील, तसेच पात्र आणि परिसर यांमधील आकारमानाचे परस्परप्रमाण स्थिर न राहणे. छायाचित्रित चित्रपटात नटाची उंची निसर्गतःच ठरलेली असते व ती कोणी न राखताही राहते. याउलट ॲनिमेशनपटात व व्हिडिओ खेळात पात्राला स्वतःची अशी उंचीच नसते. ती प्रत्येक चित्रात नव्याने निर्माण करावी लागते. त्यामुळे या दोन्ही माध्यमांत प्रमाणाची स्थिरता गृहीत धरता येत नाही. ती परिश्रमाने मिळवावी लागते.

आकारमान-विसंगतीचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात : (१) अनवधानाने घडणारी, (२) तांत्रिक मर्यादेमुळे पत्करावी लागणारी आणि (३) परिणाम साधण्यासाठी हेतुपूर्वक योजलेली. प्रत्यक्षात हे तीन प्रकार एकमेकांत मिसळलेले आढळतात. सर्वच विसंगतींना दोष मानणे योग्य नाही. प्रेक्षक किंवा खेळाडू त्या कलाकृतीत कोणते माप खरे मानतो, यावर तिचे दोषत्व अवलंबून असते.

आकारमानाचा दृक्‌प्रत्यय : डोळ्याला वस्तूचे प्रत्यक्ष आकारमान कळत नाही. दृष्टिपटलावर पडलेल्या प्रतिमेचा विस्तार आणि वस्तूच्या अंतराचा अंदाज यांवरून मेंदू ते ठरवितो. प्रतिमेचा विस्तार तोच राहिला, तर वस्तू जितकी दूर मानावी तितकी ती मोठी भासते. हा संबंध एमर्ट याने १८८१ मध्ये मांडला. सपाट चित्रात अंतराचा प्रत्यय यथादर्शन, आच्छादन, रंगांचा फिकेपणा व परिचित वस्तूंशी तुलना यांवरून येतो. म्हणून चित्रातील पात्र किती उंच आहे, याचे उत्तर त्याच्या शेजारी दरवाजा, झाड, मनुष्य यांपैकी काय काढले आहे यावर ठरते. शेजारी काहीच नसेल, तर पात्राला आकार असतो, पण आकारमान नसते.

याचा एक परिणाम असा, की प्रेक्षक एकाच चौकटीतील विसंगती चटकन टिपतो; परंतु दोन दृश्यांमध्ये काही काळ गेला असल्यास मोठा फरकही त्याच्या ध्यानात येत नाही. स्मृती सेंटीमीटर साठवीत नाही. ‘हा त्याच्या खांद्याला लागतो’ किंवा ‘हा दारातून वाकून आत येतो’ असे संबंध साठविते. आकारमानाचा दुसरा प्रत्यय गतीवरून येतो. उंचावरून पडणाऱ्या वस्तूला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे प्रचंड शरीराच्या हालचाली संथ दिसतात. १ : २५ प्रमाणाची प्रतिकृती चित्रित करताना चित्रणाचा वेग सेकंदाला २४ चौकटींऐवजी पाचपट, म्हणजे १२० चौकटी, ठेवल्यास ती प्रक्षेपणात पूर्णाकृती वाटते. हाताने काढलेला राक्षस मुंगसाच्या चपळाईने धावू लागला, तर तो कितीही मोठा रेखाटला तरी लहानच भासतो.

पूर्वपरंपरा : आकारमान हे मापाऐवजी अर्थाचे वाहक मानण्याची प्रथा प्राचीन आहे. ईजिप्तच्या भित्तिचित्रांत राजा हा शत्रूंच्या व सेवकांच्या कित्येक पट मोठा असतो. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात भिक्षेसाठी आलेला बुद्ध यशोधरा व राहुल यांच्यापुढे अतिभव्य रंगविला आहे. ती विसंगती कोणालाही खटकत नाही, कारण तेथे उंची ही शरीराची नसून थोरवीची आहे. यथादर्शनाचे नियम रूढ झाल्यावर यूरोपीय चित्रकलेत आकारमान हे अंतराचे निदर्शक ठरले व ही जुनी प्रथा मागे पडली [→ यथादर्शन].

भारतीय मूर्तिशास्त्राने प्रमाणाचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडविला. त्यात चेहऱ्याची लांबी म्हणजे एक ताल हे एकक धरून संपूर्ण मूर्तीची उंची सांगितली जाते. एका तालाची १२ अंगुले होतात व नवताल मूर्ती १०८ अंगुले भरते. ग्रंथपरत्वे तपशील भिन्न असले, तरी श्रेष्ठ देवतांसाठी दशताल, तर गणेशासाठी पंचताल अशी विभागणी सर्वसाधारणपणे आढळते. या पद्धतीत मूर्ती वीतभर असो वा पुरुषभर, तिचे अंतर्गत प्रमाण बदलत नाही. ॲनिमेशनपटांच्या चित्रशाळांनी पुढे ‘पात्र किती डोकी उंच’ अशी जी मोजणी रूढ केली, ती तत्त्वतः याच जातीची आहे. प्रौढ मनुष्य सु. साडेसात डोकी उंच असतो. हास्यपटांतील पात्रे बहुधा दोन ते चार डोक्यांत बसवितात.

ॲनिमेशनपटांतील प्रमाण : विन्झर मॅके या अमेरिकन व्यंगचित्रकाराने गर्टी द डायनोसॉर (१९१४) या चित्रपटासाठी हजारो चित्रे काढली. पार्श्वभूमी गिरविण्यास त्याला एक साहाय्यक होता. परंतु पात्राचे रेखाटन एकाच हाताचे असल्याने त्याचे प्रमाण राखणे हा एका व्यक्तीच्या शिस्तीचा प्रश्न होता. चित्रशाळांची वाढ झाल्यावर एकच पात्र दहावीस चित्रकार काढू लागले आणि प्रत्येकाच्या हातून ते थोडे वेगळे उतरू लागले. यावर उपाय म्हणून नमुनापत्रे तयार होऊ लागली. त्यांत पात्र समोरून, बाजूने व पाठीमागून दाखवून त्याच्या उंचीचे डोक्यांत विभाजन करीत. शिवाय सर्व पात्रे एका रेषेत उभी करून त्यांची तुलनात्मक उंची दाखविणारा तक्ता काढीत. डिझ्नीच्या चित्रशाळेत १९३०–४० या दशकात जो ग्रँट याच्या देखरेखीखाली अशा नमुन्यांसाठी स्वतंत्र विभागच होता. स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वॉर्फ्स (१९३७) या चित्रपटात जवळजवळ मानवी प्रमाणाची नायिका आणि मोठ्या डोक्याचे सात बुटके एकाच खोलीत वावरतात. नायिकेला बुटक्यांचे दार, पलंग व भांडी लहान पडली पाहिजेत, हे कथेचेच अंग असल्यामुळे तेथे तक्त्याशिवाय गत्यंतर नव्हते.

चित्रांच्या मांडणीतूनही विसंगती उद्‌भवते. सपाट चित्राकडे कॅमेरा जवळ नेला, की घराबरोबर पाठीमागचा चंद्रही मोठा होतो; प्रत्यक्षात घराकडे चालत गेल्यास चंद्र होता तेवढाच राहतो. द ओल्ड मिल (१९३७) या लघुपटात डिझ्नीने वापरलेल्या बहुस्तरीय कॅमेऱ्यात निरनिराळ्या अंतरांवरील काचांवर चित्रे ठेवून हा दोष टाळण्यात आला.

प्राण्यांच्या कथांत प्रमाणाचा करार आरंभीच करावा लागतो. मिकी हा उंदीर असूनही लहान मुलाएवढा असतो व प्लूटो हा कुत्रा त्याचा पाळीव प्राणी असतो. गूफी हा मात्र कुत्र्याच्या वळणाचा असूनही त्याचा उभ्याने चालणारा मित्र असतो. येथे प्राणिशास्त्रीय माप पूर्णपणे बाजूला सारून सामाजिक नाते हेच माप ठरविले आहे. डिझ्नीच्या रॉबिन हुड (१९७३) या चित्रपटातही कोल्हा, अस्वल व सिंह यांच्या उंचीतील अंतर पुष्कळ कमी केले आहे. उलट झूटोपिया (२०१६) या चित्रपटात उंदरापासून जिराफापर्यंतच्या प्राण्यांचे नैसर्गिक प्रमाण शक्यतो राखले असून लहानमोठ्यांसाठी वेगवेगळी दारे, वाहने व वस्त्या दाखविल्या आहेत. लहान सशिणीने बलाढ्य प्राण्यांच्या पोलीसदलात शिरणे हाच कथेचा गाभा असल्यामुळे तेथे आकारमान सैल ठेवून चालले नसते. दोन्ही करार वैध होत. मात्र एक स्वीकारल्यावर मध्येच दुसरा लागू केला, तर प्रेक्षकाचा विश्वास तुटतो.

दीर्घकाळ चालणाऱ्या पात्राचे अंतर्गत प्रमाणही हळूहळू सरकत जाते. जीवशास्त्रज्ञ स्टीव्हन जे गूल्ड याने १९७९ मध्ये मिकी माउसच्या निरनिराळ्या काळांतील चित्रांची मोजमापे प्रसिद्ध केली. त्यांनुसार मिकीच्या डोळ्याचे डोक्याच्या लांबीशी असलेले प्रमाण २७ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांपर्यंत आणि डोक्याचे शरीराच्या लांबीशी असलेले प्रमाण ४२·७ टक्क्यांवरून ४८·१ टक्क्यांपर्यंत वाढले होते. मोठे डोके व मोठे डोळे ही बालकाची लक्षणे असल्याने मूळचा खोडकर उंदीर अधिकाधिक गोंडस होत गेला, असा त्याचा निष्कर्ष होता. हा बदल इतका मंद होता, की कोणत्याही एका चित्रपटात तो विसंगती म्हणून दिसत नाही.

हेतुपूर्वक विसंगती : याचे अभिजात उदाहरण म्हणजे किंग काँग (१९३३). विलिस ओब्रायन याने या चित्रपटातील महाकाय वानर लहान सांगाड्यांच्या पुतळ्यांतून चौकटीगणिक हलवून सजीव केला. बेटावरील दृश्यांतील पुतळे सु. १८ इंच उंचीचे असून एका फुटास एक इंच या प्रमाणाने वानर १८ फूट उंच ठरत होता. न्यूयॉर्कच्या उत्तुंग इमारतींपुढे तो खुजा दिसू लागल्याने तेथे २४ फूट उंचीचे प्रमाण धरून नवा पुतळा करण्यात आला. निकटदृश्यांसाठी बांधलेले पूर्णाकृती मस्तक व हात यांची प्रमाणे याहून मोठ्या शरीराची होती आणि जाहिरातींत तर ५० फूट उंची सांगितली गेली. निर्माता-दिग्दर्शक मेरियन कूपर याने ही उंची दृश्याच्या गरजेनुसार मुद्दाम बदलल्याचे पुढे सांगितले. प्रेक्षकांपैकी फारच थोड्यांना ते जाणवले. कारण प्रत्येक दृश्यात वानराच्या शेजारी जे होते, त्याच्या मानाने तो भयंकर वाटत होता.

जपानी ॲनिमेशनमालिकांत या प्रश्नाची दोन टोके स्पष्ट दिसतात. निऑन जेनेसिस इव्हँजेलियन (१९९५) या मालिकेतील यंत्रमानवसदृश देहांची उंची निश्चित ठेवली नव्हती. दृश्यानुरूप ती सु. ४० मी. पासून २०० मी. पर्यंत बदलते. याउलट मोबाइल सूट गंडाम (१९७९) या मालिकेतील मुख्य यंत्राची उंची १८ मी. अशी ठरलेली होती. या उंचीवरून १९८० पासून १ : १४४ प्रमाणाच्या, म्हणजे साडेबारा सेंमी. उंचीच्या, जुळणीच्या प्रतिकृती विकल्या जाऊ लागल्या व २००९ मध्ये टोकिओच्या ओदाइबा भागात पूर्णाकृती पुतळा उभारण्यात आला. ज्याची प्रतिकृती विकावयाची, त्याला माप असावेच लागते.

काही कथांत आकारमानाचा बदल ही पात्राची शक्तीच असते. अणिमा व महिमा या सिद्धींची कल्पना भारतीय श्रोत्यांना परिचित आहे. त्यामुळे समुद्रोल्लंघन करणारा विशाल हनुमान आणि लंकेत शिरणारा सूक्ष्म हनुमान हे एकच पात्र म्हणून सहज स्वीकारले जाते. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ पासून क्लेअर वीक्स या डिझ्नीच्या चित्रशाळेतून आलेल्या कलावंताने व्यंगपटविभागात प्रशिक्षण दिले. तेथे घडलेल्या राम मोहन यांचा यूगो साको यांच्या रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम (१९९२) या भारत-जपान सहनिर्मितीत मोठा वाटा होता. हा चित्रपट आणि व्ही. जी. सामंत यांनी दिग्दर्शित केलेला हनुमान (२००५) या दोहोंत रूपांतराची परंपरा ॲनिमेशनच्या माध्यमात उतरली. अशा कथेत बदल घडताना दाखविला जातो किंवा त्याचे कारण श्रोत्याला ठाऊक असते. न दाखविता व अकारण झालेला बदल तेवढा चूक ठरतो.

खेळण्यांपासून उद्‌भवलेली विसंगती : द ट्रान्सफॉर्मर्स (१९८४) ही मालिका अमेरिकन कंपनी हॅस्ब्रोने जपानच्या ताकारा कंपनीकडून घेतलेल्या खेळण्यांच्या प्रसारार्थ निघाली. या खेळण्यांची मूळ कुळे दोन होती. ‘डायाक्लोन’ कुळातील मोटारी सु. १ : ६० प्रमाणाच्या असून त्यांत चिमुकला चालक बसे. ‘मायक्रोमॅन’ कुळातील खेळणी मात्र पिस्तूल, ध्वनिफीतयंत्र अशा घरगुती वस्तूंच्या मूळ आकारमानाची होती. दुकानात ही सर्व खेळणी मुलाच्या हातात मावणारी असल्याने विसंगती दिसत नव्हती. मालिकेत ती एकाच विश्वातील यंत्रमानव झाली, तेव्हा ट्रकएवढा एक व पिस्तुलाएवढा दुसरा यांना समान उंचीचे योद्धे म्हणून उभे करावे लागले. परिणामी पिस्तुलात रूपांतरित होणारा नायकाचा प्रतिस्पर्धी मेगाट्रॉन रूपांतराच्या क्षणी आक्रसतो व आपल्याच अनुयायाच्या मुठीत मावतो. येथील विसंगती चित्रकाराच्या हलगर्जीपणाची नसून दोन मापपद्धती व्यापारी कारणाने एकत्र आल्याची आहे.

व्हिडिओ खेळांतील तांत्रिक मर्यादा : प्रारंभीच्या खेळांत पात्राचे आकारमान यंत्राच्या क्षमतेने ठरत असे. निंटेंडोच्या १९८३ मधील गृहखेळयंत्रात पडदा २५६ चित्रबिंदू रुंद होता. हलत्या आकृती ८ × ८ किंवा ८ × १६ बिंदूंच्या तुकड्यांनी बनत आणि एका आडव्या ओळीत असे आठच तुकडे दाखविता येत. म्हणजे ओळीतील २५६ पैकी जास्तीत जास्त ६४ बिंदू हलत्या आकृतींना मिळत. सुपर मारिओ ब्रदर्स (१९८५) मधील नायक दोन तुकडे, म्हणजे १६ बिंदू, रुंद आहे. त्याच्याएवढी चार पात्रे एका ओळीत आली, की मर्यादा संपे आणि पाचवे पात्र लुकलुकू लागे. अतिप्रचंड शत्रू दाखवावयाचा झाल्यास तो पुष्कळदा पार्श्वभूमीचाच भाग म्हणून काढीत व भोवतालचा देखावा काळा ठेवीत. स्मृतिसंचयाच्या बचतीसाठी एकाच आराखड्याचा ढग व झुडूप म्हणून रंग बदलून वापर होई. मग झुडूप ढगाएवढे व वीट नायकाच्या डोक्याएवढी होणे क्रमप्राप्तच होते.

भूमिकाप्रधान खेळांत विसंगती हीच लेखनपद्धती बनली. ड्रॅगन क्वेस्ट (१९८६) मध्ये जगाच्या नकाशावर चालणारा नायक किल्ल्याच्या चिन्हाएवढाच मोठा असतो. चिन्हावर पाऊल ठेवताच तो त्या किल्ल्याच्या प्रशस्त दालनांत उभा राहतो. नकाशावरील आकृती ही व्यक्ती नसून ‘नायक येथे आहे’ असे सांगणारी खूण होय. फायनल फँटसी ७ (१९९७) मध्ये तीच पात्रे वस्तीत मोठ्या डोक्याची व आखूड अंगाची, तर युद्धात मानवी प्रमाणाची दिसतात. व्यूहरचनात्मक खेळांत सैनिक घराच्या छपराला टेकेल एवढा असतो आणि स्टारक्राफ्ट (१९९८) मधील अवाढव्य अंतराळनौका पायदळी सैनिकाच्या काही पटच भरते. खरे प्रमाण ठेवले असते, तर सैनिक एका बिंदूएवढा झाला असता व त्याला आज्ञा देणे अशक्य झाले असते. नकाशात रस्ता प्रत्यक्षाहून रुंद दाखवितात, तशातलाच हा प्रकार आहे.

पोकेमॉन मालिकेत (१९९६ पासून) हीच अडचण आकड्यांमुळे उघडी पडली. गेम बॉय यंत्राचा पडदा १६० × १४४ बिंदूंचा होता व समोरील प्राण्याच्या चित्रास जास्तीत जास्त ५६ × ५६ बिंदू मिळत. खेळातील प्राणिकोशात पिकाचूची उंची ०·४ मी., तर ऑनिक्स या खडकाळ सर्पाची लांबी ८·८ मी. दिली होती, युद्धात मात्र दोघे जवळजवळ सारख्या चौकटीत बसत. पुढे १४·५ मी. लांबीचा व ३९८ किग्रॅ. वजनाचा वेलॉर्ड हा देवमासा आला. गॅलिलीओने १६३८ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे आकृती तीच ठेवून लांबी दुप्पट केली, तर पृष्ठभाग चौपट व घनफळ आठपट होते. त्या हिशेबाने एवढ्या लांबीच्या देवमाशाचे वजन कित्येक टन असावयास हवे. आकडा छापला नसता, तर हा प्रश्न कोणी विचारलाच नसता. प्राणी त्रिमितीय झाल्यावरही (२०१३) युद्धदृश्यात ते कॅमेऱ्याच्या सोयीने लहानमोठे केले गेले.

निरनिराळ्या खेळांतील पात्रे एकत्र आणणाऱ्या सुपर स्मॅश ब्रदर्स (१९९९ पासून) या मालिकेत ही समस्या पराकोटीला पोहोचते. पिकमिन (२००१) या खेळातील, सु. दोन सेंमी. उंचीचा ओलिमार तेथे मनुष्यपात्रांच्या बरोबरीने लढतो. रिड्ली या पंखधारी राक्षसाचा समावेश तो फार मोठा असल्याच्या कारणास्तव दीर्घकाळ टाळण्यात आला. २०१८ मध्ये तो खेळाडूच्या हाती आला, तो आटोपशीर रूपात. या खेळात प्रत्येकाला जिंकण्याची समान संधी हवी असते आणि समान संधीसाठी जवळपास समान देह लागतो.

चित्र व आघातक्षेत्र : व्हिडिओ खेळातील आकारमान केवळ पाहण्याचे नसते, तर तो खेळाचा नियम असतो. पात्राला गोळी किंवा ठोसा लागला की नाही, हे संगणक चित्रावरून न ठरविता पात्राभोवती कल्पिलेल्या अदृश्य पेटीवरून ठरवितो. हे आघातक्षेत्र चित्राहून मोठे असेल, तर खेळाडूला न लागलेला मार लागतो. लहान असेल, तर शत्रूच्या अंगातून बाण आरपार जातो. गोळ्यांचा वर्षाव करणाऱ्या जपानी नेमबाजीच्या खेळांत खेळाडूच्या विमानाचे आघातक्षेत्र जाणूनबुजून काही बिंदूंइतकेच ठेवतात. अशी विसंगती खेळाडूच्या बाजूची असल्याने ती अन्यायाची वाटत नाही. दोन खेळाडूंमधील स्पर्धेत मात्र चित्र आणि क्षेत्र यांत फरक असणे ही थेट पक्षपाताची बाब ठरते. ॲनिमेशनपटातील विसंगती प्रेक्षकाच्या विश्वासाला धक्का देते. खेळातील विसंगती त्याचा डाव हिरावून घेऊ शकते.

त्रिमितीय रचना : संगणकात त्रिमितीय प्रतिकृती घडविली, की तिला निश्चित अंकात्मक माप मिळते, त्यामुळे हातच्या रेखाटनातील प्रमाणभ्रंश नाहीसा होतो. तरी नव्या प्रकारच्या विसंगती निर्माण होतात. युनिटी या खेळनिर्मितीच्या आज्ञावलीत लांबीचे एक एकक म्हणजे एक मीटर, तर अनरीअलमध्ये एक सेंटीमीटर मानण्याचा प्रघात आहे. एकीतील वस्तू रूपांतर न करता दुसरीत नेल्यास ती शंभरपट लहान किंवा मोठी होते. डूम (१९९३) या खेळात खेळाडूच्या देहाची उंची ५६ एकके असून त्याची दृष्टी ४१ एककांवर ठेवली आहे. म्हणजे तो जवळजवळ छातीतून पाहतो. शिवाय ३२० × २०० बिंदूंचे चित्र ४ : ३ प्रमाणाच्या पडद्यावर ताणले जात असल्याने उभे माप आडव्याच्या १·२ पट होई. खेळाडूच्या पाठीमागून व किंचित वरून पाहणारा कॅमेरा असलेल्या खेळांत कॅमेऱ्याला वाव मिळावा म्हणून दारे रुंद व छते उंच करावी लागतात. खरे माप ठेवलेली खोली अशा कॅमेऱ्यातून कोंदट व चुकीची वाटते. म्हणून रचनाकार प्रथम साध्या राखी ठोकळ्यांचा परिसर उभारून त्यात माणसाच्या उंचीचा पुतळा ठेवतात व चालून पाहिल्यानंतरच मापे कायम करतात. कोठे किती खोटे माप खरे भासते, हे मोजपट्टीवरून कळत नाही.

प्रमाण हाच विषय केलेले खेळही आहेत. कातामारी दामासी (२००४) मध्ये काही सेंमी. व्यासाचा गोळा वस्तू चिकटवीत मोठा होत जातो. आरंभी टाचण्या गोळा करणारा खेळाडू शेवटी इमारती उचलतो. सुपर मारिओ ऑडिसी (२०१७) मध्ये आखूड अंगाचा नायक वास्तव प्रमाणाच्या नागरिकांमध्ये फिरताना दिसतो. तीस वर्षे स्वतःच्या जगात सामान्य वाटणारी त्याची ठेंगणी ठेवण शेजारी साधा माणूस उभा राहताच विनोदी ठरते.

आभासी वास्तव : २०१६ पासून घरगुती वापरासाठी मिळू लागलेल्या शिरोधारी दृश्ययंत्रांनी या प्रश्नाचे स्वरूप बदलले. या यंत्रांत दोन्ही डोळ्यांना किंचित भिन्न चित्रे दाखविली जातात व त्यांतील फरकावरून मेंदू अंतर काढतो. प्रौढ माणसाच्या दोन बाहुल्यांमधील अंतर सरासरी सु. ६३ मिमी. असते. आज्ञावलीत ते दुप्पट धरले, तर सारे जग निम्मे झाल्यासारखे व खेळाडू स्वतः राक्षस झाल्यासारखा वाटतो. २०११ मध्ये स्वीडनमधील कारोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी अशा दृश्ययंत्राद्वारे सहभागींना बाहुलीचा देह स्वतःचा असल्याचा भास करून दिला. तेव्हा लहान देहाच्या भासात भोवतालच्या वस्तू मोठ्या व दूर, तर मोठ्या देहाच्या भासात त्याच वस्तू लहान व जवळ वाटल्या. मनुष्य जगाचे माप आपल्या शरीराने घेतो, असे यावरून दिसून येते. पडद्यावर खपणारे अवाजवी उंच दार किंवा फुगवलेली खुर्ची आभासी वास्तवात तत्काळ खटकते; कारण तेथे पात्राच्या शेजारी प्रेक्षकाचा स्वतःचा देहच उभा असतो.

एकंदरीत, आकारमानाची सुसंगती हा वास्तवाच्या अनुकरणाचा नव्हे, तर कलाकृतीने पाहणाऱ्याशी केलेल्या कराराचा भाग होय. त्या कराराचे एकक कधी थोरवी, कधी भीती, कधी नाते, कधी खेळातील समान संधी असते. मात्र पात्राची उंची आकड्यात छापली गेली, प्रतिकृतीत विकली गेली किंवा पाहणाऱ्याच्या शरीराशी थेट ताडली गेली, की चित्रकाराला पूर्वी सहज मिळणारी मुभा संपते. त्यामुळे संगणकामुळे मापे अचूक झाली असली, तरी विसंगतीविषयीची तक्रार कमी न होता वाढल्याचे दिसते. अजिंठ्याच्या चित्रकाराला बुद्धाची उंची कोणी विचारली नव्हती; आधुनिक चित्रशाळेला मात्र आपल्या पात्राची उंची सांगावी लागते व सांगितलेली पाळावीही लागते.